नंबर 4 चा लोखंडी रंधा: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांत या रंध्याखालून एक बसकं टेबल, दोन स्टुलं, खणांची एक पेटी आणि लहान मुलांच्या खेळण्यांचे पुष्कळ भाग गेले. लाकूड मुख्यतः सागवान, बीच आणि पाइन, थोडं शिसवी. हा बेली पद्धतीचा नंबर 4 आहे: बिडाचं अंग, सुमारे 24 सेंटिमीटर लांब तळ, 50 मिलिमीटर रुंद पातं, 45 अंशांवर बसणारं, धारेचा उतार खालच्या बाजूला. लेनर्ड बेली यांच्या या रचनेचे हक्क स्टॅन्ले कंपनीने 1869 मध्ये घेतले आणि तेव्हापासून मूळ आराखडा फारसा बदललेला नाही. त्यामुळे खाली लिहिलेलं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या नंबर 4 ला लागू पडेल.

पहिलं म्हणजे, मधल्या दर्जाचा रंधा खोक्यातून काढून लगेच चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. तळावर पोलादी पट्टी उभी धरली तर तोंडाच्या (पातं बाहेर येतं त्या फटीच्या) पुढेच खोलगट होतं आणि 0.05 मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) सहज आत जात होती. बारीक कामात हा खड्डा नडतो. तोंडासमोरचा तळ लाकडावर दाबून बसला नाही तर पातं थरथरतं आणि ढलपी तुटक निघते. तळ सपाट करायला 10 मिलिमीटर जाडीची काच, त्यावर चिकटवलेला 80, मग 120, मग 220 नंबरचा पॉलिश पेपर एवढं पुरतं. पातं आत ओढून ठेवायचं, पण काढायचं नाही. लिव्हर कॅपच्या (पातं वरून दाबून धरणाऱ्या झाकणाच्या) ताणाने बीड किंचित वाकतं, म्हणून तळ त्याच ताणाखाली घासायला हवा. तळावर मार्करने आडव्या रेघा मारा आणि घासत राहा. पुढचं टोक, तोंडाच्या लगतची पट्टी आणि मागचं टोक इथल्या रेघा पुसल्या गेल्या की थांबा. मध्ये कुठे रेघ शिल्लक राहिली तर काही बिघडत नाही. हात मात्र खाली, तळाजवळ धरा. मुठीला धरून ढकललं तर रंधा डोलतो आणि तळ फुगीर होतो, आणि फुगीर तळ खोलगट तळापेक्षा वाईट. या कामाला अडीच-तीन तास लागतात, पण पुन्हा करावं लागत नाही.

आलेलं पातं क्रोम व्हॅनेडियमचं आहे. धार पटकन घेतं आणि तितक्याच पटकन सोडतं. पाठ सगळी आरशासारखी करत बसू नका, धारेलगतचे काही मिलिमीटर पुरतात. बारीक दगडाच्या एका कडेवर 0.5 मिलिमीटरची पातळ पोलादी पट्टी ठेवून पात्याची पाठ तिच्यावर टेकवली की फक्त टोकाचा भाग घासला जातो. पटाशीला ही युक्ती वापरू नका, तिची पाठ पूर्ण सपाटच लागते. उतार 25 अंशांचा आणि टोकाला बारीकसा 30 अंशांचा. दोन्ही बाजूंनी पातं पकडणाऱ्या साध्या होनिंग गाइडमध्ये (धार लावताना कोन कायम ठेवणाऱ्या साधनात) पातं 50 मिलिमीटर पुढे काढलं की 25 अंश मिळतात, 38 ला 30. बाकावर दोन ठोकळे त्या अंतरावर ठोकून ठेवले की दर वेळी मोजायला नको. 1000 नंबरच्या धारेच्या दगडावर मागच्या बाजूला बोटाला लागेल अशी कड उठेपर्यंत घासायचं, आणि ती कड पात्याच्या पूर्ण रुंदीवर लागली पाहिजे. मग 6000, मग चामड्याच्या पट्टीवर हिरवी पेस्ट. शेवटी दोन्ही कोपऱ्यांवर बोट दाबून दहा-दहा फेरे. त्याने धार अगदी किंचित कमानदार होते आणि पृष्ठावर पात्याच्या कोपऱ्यांचे ओरखडे उठत नाहीत.

सागवानात सिलिका असते आणि ती धार खाते. पाइनमध्ये तासभर चालणारी धार सागवानात वीस-पंचवीस मिनिटांत मंद होते. ढलपीऐवजी पूड येऊ लागली किंवा रंधा दाबावासा वाटू लागला की पातं बाहेर काढा, ढकलत राहू नका.

आता कॅप आयर्न, म्हणजे पात्यावर स्क्रूने जखडलेली ती वाकडी पट्टी. या रंध्याबद्दल एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा. बरेच जण ती पात्याच्या टोकापासून दीड-दोन मिलिमीटर मागे बसवतात आणि मग रेषे उचकटतात म्हणून रंध्याला, लाकडाला, शेवटी स्वतःच्या हाताला दोष देतात. शिसवीच्या ज्या फळीवर रेषे एका वितीत तीनदा दिशा बदलत होते, तिथे पट्टी 1.5 मिलिमीटर मागे असताना पृष्ठावर खरबरीत खड्डे पडले. तीच फळी, तेच पातं, तीच धार, फक्त पट्टी 0.3 मिलिमीटरवर आणली, आणि खड्डे जवळजवळ नाहीसे झाले.

कारण असं. उलट्या रेषेने रंधताना ढलपी तरफेसारखी वर उचलली जाते आणि धारेच्या पुढेच लाकूड चिरतं. ती चीर रेषांबरोबर खाली उतरते, तोच आपल्याला दिसणारा खड्डा. पट्टी धारेच्या अगदी जवळ असेल तर ढलपी निघता निघताच पुढे वाकवली जाते, तिचा ताठपणा मोडतो आणि चीर पुढे धावत नाही. जपानमधल्या यामागाता विद्यापीठाच्या कातो आणि कावाई यांनी हे अगदी जवळून चित्रित करून दाखवलं होतं.

बसवायची रीत सांगतो. आधी पट्टीची खालची कड दगडावर घासून पात्याशी पूर्ण जुळवा. घासताना पट्टीची शेपटी दगडाच्या पातळीपेक्षा थोडी खाली धरा, म्हणजे सगळ्यात पुढची कडच आधी टेकेल. दोन्ही जोडून उजेडाकडे धरा. कुठेही प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. केसाएवढी फट असली तरी तिच्यात ढलपी शिरते आणि दोन मिनिटांत तोंड गच्च होतं. मग पट्टीच्या पुढच्या तोंडाला 50 अंशांच्या आसपास बारीक उतार द्या आणि तो गुळगुळीत करा. आता स्क्रू अर्धवट आवळून पट्टी हळूहळू पुढे सरकवा, धारेची चंदेरी रेघ जेमतेम दिसेल इतकी. स्क्रू पूर्ण आवळताना पट्टी अजून थोडी पुढे घसरते, त्याचा अंदाज आधीच धरावा लागतो. दोन-तीनदा चुकतं, मग हाताला कळतं. पट्टी धारेच्या पुढे गेली तर धार मोडते, म्हणून घाई नको.

नीट बसली आहे की नाही हे ढलपीच सांगते. पट्टी लांब असेल तर ढलपी गोल गुंडाळी होऊन पडते. योग्य जागी असेल तर ती फितीसारखी सरळ वर उभी राहते आणि मुठीवरून पलीकडे ओघळते. फार जवळ असेल तर ढलपी चुण्या पडून चुरगळते आणि ढकलायला जोर लागतो. पट्टीचं अंतर ढलपीच्या जाडीशी बांधलेलं आहे: 0.05 मिलिमीटरच्या शेवटच्या हातासाठी 0.2 ते 0.3 ठीक, जाड ढलपी काढताना मात्र एक मिलिमीटरपर्यंत मागे घ्या. आणि पट्टी जवळ असताना फ्रॉग (पातं ज्या उतरत्या ठोकळ्यावर टेकतं तो) पुढे सरकवून तोंड अरुंद करू नका. दोन्ही एकदम केलं की ढलपीला वाट उरत नाही. आमच्याकडे फ्रॉग पूर्ण मागे आहे, त्याचा पातं टेकण्याचा उतार आणि तोंडाची मागची कड एका रेषेत, आणि आठ महिन्यांत तो हलवायची वेळ आलेली नाही.

तक्रारी आहेत. खोली कमी-जास्त करणाऱ्या पितळी चाकात पाऊण फेरा पोकळ जातो. ही या रचनेची सवय आहे, तिच्याशी जुळवून घ्या: पातं मागे घेतलं तरी शेवटची हालचाल नेहमी पुढच्या दिशेने करून ताण धरू द्या, नाहीतर काम चालू असताना पातं आपोआप मागे सरकतं. लिव्हर कॅपचा स्क्रू फार आवळला तर चाक फिरत नाही, ढिला ठेवला तर पातं घसरतं. कॅपची कळ अंगठ्याने ठामपणे बसेल पण जोर लावावा लागणार नाही, इतपत ठेवा. पाचव्या महिन्यात मागची लाकडी मूठ डुलायला लागली. लाकूड सुकून आकसतं, आत जाणाऱ्या दांड्याची चकती तळाला टेकते आणि कितीही आवळलं तरी मूठ पकडत नाही. वरून एक पातळ वॉशर घातला की प्रश्न सुटतो.

लांबी ही खरी मर्यादा. साठ सेंटिमीटरच्या पुढे दोन फळ्यांच्या कडा जोडायच्या असतील तर नंबर 4 खड्ड्यात उतरतो, उंचवट्यावर चढतो, कड सरळ करत नाही. टेबलाच्या फळीसाठी लांब तळाचा नंबर 7 मागून आणावा लागला. त्यानंतर पृष्ठ एकसारखं करण्याचं काम मात्र नंबर 4 नेच केलं: आधी तिरके हात, मग रेषांच्या दिशेने. सागवान तेलकट असतं, त्यामुळे गोंद लावायच्या कडा रंधल्या रंधल्या त्याच तासात जोडा. दुसऱ्या दिवशी जोडलेला सांधा कमकुवत निघतो.

खेळण्यांत हा रंधा अपेक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडला, एक अट पाळली तर: छोटा तुकडा कधीही रंधायला घेऊ नका. आधी चाळीस-पन्नास सेंटिमीटरची पट्टी घ्या, चारही बाजू रंधा, कडांना 3 मिलिमीटरची गोलाई द्या, आणि मगच ठोकळे कापा. कापलेल्या टोकांना रंधा मारताना पलीकडची कड फुटते, म्हणून मागे फालतू लाकडाचा आधार लावून मारा. रंधलेला बीच इतका गुळगुळीत येतो की पॉलिश पेपर लागतो तो फक्त कोपऱ्यांना, 320 नंबरचा. चाकांचा आस 6 मिलिमीटरचा, गाडीच्या अंगातलं भोक 7 चं, चाकातलं नेमकं 6 चं. गोंद आसाला नाही, चाकाच्या भोकात लावा. आसाला लावलेला गोंद आत शिरताना खरडला जाऊन गाडीच्या अंगाकडे जमतो आणि चाक कायमचं जाम होतं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कुठलाही सुटा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, आणि चाक ओढून निघणार नाही याची खात्री हाताने नव्हे, पकडीने करा.

वरून शुद्ध लाखेचे तीन पातळ हात. बाजारातल्या उकळलेल्या जवसाच्या तेलात धातूंचे ड्रायर असतात, तोंडात जाणाऱ्या वस्तूंना ते नको. फर्निचरला तेल लावलंत तर चिंध्या चुरगळून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. मोकळ्या पसरून वाळवा.

रंधा हलका चालावा म्हणून तळावर मेणबत्तीच्या मेणाच्या दोन-तीन रेघा, दर पाच-दहा मिनिटांनी. घामट बोटांचे ठसे दमट हवेत एका रात्रीत गंजतात, म्हणून ठेवताना तेलाच्या फडक्याने पुसणं चुकवू नका.

यापुढे बदलायचं आहे ते फक्त पातं. मूळ पातं 2 मिलिमीटर जाड आहे, 2.5 चं बहुधा तसंच बसतं. 3 च्या पुढे गेलात तर तोंड कानशीने पुढच्या बाजूला उघडावं लागतं, आणि चाकाने ढकलला जाणारा काटा जाड पात्यातून कॅप आयर्नच्या खाचेपर्यंत पोचतोच असं नाही. उघडलेलं तोंड पुन्हा लहान होत नाही, म्हणून आधी काट्याची पोच मोजा, कानस नंतर.