शिक्का लंडनचा, लाकूड कालचं

पंधरा वर्षं बासरी वाजवतोय, पण बांबूची. चाव्यांची, म्हणजे भोकं झाकायला-उघडायला पट्ट्या असलेली लाकडी विलायती बासरी पहिल्यांदा हातात आली ती गेल्या दिवाळीनंतर, कोल्हापुरातल्याच एका हॉलमध्ये, जुन्या वस्तूंच्या लिलावात. तिथे ४८ हजार घालवून आलो.

सोबत कार्ड होतं : ‘रूडॉल अँड रोज, लंडन. शाहू महाराजांच्या १८९४ च्या राज्यारोहणाच्या बँडसाठी मागवलेली.’ महाराजांचं नाव निघालं की कोल्हापूरचा माणूस पुढचं काही विचारत नाही, हे लिलाववाल्याला पक्कं ठाऊक. काळंभोर लाकूड, त्यावर बासऱ्या बनवणाऱ्या त्याच लंडनच्या कंपनीचा शिक्का, आठ चाव्या, पांढऱ्या कड्या. बोली आठ हजारांवर सुरू झाली. मागच्या रांगेतले दोघे मला चढवत नेत होते आणि बेचाळीसला दोघंही एकदम गप्प. तेव्हाच चमकायला हवं होतं. वर कमिशन, कमिशनवर जीएसटी.

घरी फुंकली तर एक स्वर दुसऱ्याला ओळख देईना. वाळली असेल म्हणून तेल लावलं, तर फडकं काळं झालं. रूडॉलच्या कित्येक बासऱ्या कोकस लाकडाच्या, मुळातच गडद तपकिरी. त्यांना बूटपॉलिश कशाला लागेल?

भांडं फोडलं ते मात्र उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं. चावीचा स्क्रू ढिला झाला म्हणून गेलो होतो. त्यानं सवयीनं जाडी मोजायचा व्हर्निअर लावला, बासरी फिरवून पुन्हा लावला.

“सर, कितीला घेतलीसा?”

सांगितलं.

“ही गोल हाय की ओ.”

मला कळेना. “लाकूड आटतंय, पर सगळीकडनं सारखं न्हाई. शंभर वर्सांची नळी थोडी तरी लंबुळकी व्हायला पायजे. ही कालची हाय.”

मग टॉर्च मारला. त्या काळच्या अशा बासरीचं डोकं आतून सरळ असतं, पण पुढचं अंग टोकाकडे निमुळतं होत जातं. माझी आरपार सरळ, पाण्याच्या पाइपासारखी. चाव्याही पितळी खुंट्या ठोकून बसवलेल्या. त्या जुन्या इंग्लिश बासऱ्यांत बहुधा लाकडाचेच उंचवटे कोरून त्यांत चावी बसवत.

त्या रात्री शोधायला बसलो, म्हणजे जे बोली लावण्याआधी करायचं होतं ते. जॉर्ज रूडॉल आणि जॉन रोज यांची भागीदारी १८२१ ची. पुढे रिचर्ड कार्ट आले आणि १८७० च्या दशकापासून पाटी ‘रूडॉल, कार्ट’ अशी झाली. १८९४ ला नवी मागवली असती तर शिक्क्यात ‘रोज’ आलाच कुठून? कार्डच खोटं बोलत होतं आणि मी ते फ्रेम करायला टाकलं होतं!

‘हस्तिदंती’ कड्या प्लॅस्टिकच्या निघाल्या. एका अर्थी सुटलो. खऱ्या असत्या तर वन्यजीव कायद्याचं लफडं गळ्यात पडलं असतं. अशा शिसवी नकला सियालकोटकडे ढिगानं बनतात, शोभेच्या वस्तू म्हणून. तशी विकली असती तर दोन-तीन हजार मी हसत दिले असते.

परत द्यायला गेलो, तर पावती उलटी करून दाखवली. मागे बारीक अक्षरात : ‘वस्तू जशी आहे तशी. वर्णनाची हमी नाही.’ खाली माझीच सही.

परवा त्यांच्या नव्या लिलावाची यादी व्हॉट्सअॅपवर आली. त्यात आणखी एक रूडॉल आहे, या वेळी ‘संस्थानी घराण्यातली’. फोटो मोठा करून पाहिला. शिक्क्यातल्या ‘आर’चा पाय तुटका आहे, माझ्या बासरीवर आहे तसाच.