सिरस, बोनान्झा की डायमंड? ठाण्यात राहून वेगवान एकइंजिनी विमान पोसायचं तर

ऐरोलीत आमच्या सोसायटीत एक कारखानदार राहतो. वागळे इस्टेटमध्ये त्याचं मशीनिंगचं काम, दुसरं युनिट वाळूजला, गिऱ्हाइकं नागपूरपासून बेळगावपर्यंत. खासगी वैमानिकाचं लायसन्स त्याने मागच्या वर्षी काढलं. माझं आयुष्य विमानांच्या देखभालीत गेलं हे त्याला ठाऊक, म्हणून एका रविवारी तीन विमानांची माहितीपत्रकं घेऊन घरी आला. म्हणाला, "काका, किंमत मला माहितीय. वर्षाला किती जाईल तेवढं सांगा."

मी उलट विचारलं, "विमान रात्री उभं कुठे राहणार?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण आमच्या पुढच्या तीन-चार बैठकांतली चर्चा त्याच प्रश्नाभोवती फिरली. त्यातलं जे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल ते इथे लिहितो आहे.

तिन्ही विमानांची तोंडओळख

सिरस एसआर-२२ म्हणजे कॉन्टिनेन्टलचं ३१० अश्वशक्तीचं इंजिन, चाकं बाहेरच राहणारी, आणि सगळ्या विमानालाच खाली आणणारं पॅराशूट. १७५ नॉटच्या, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास सहज चालतं. बोनान्झा हे १९४७ पासून बनत आलेलं जुनं घराणं. त्याच्या ३०० अश्वशक्तीच्या मॉडेलमध्ये चाकं पोटात जातात, सीट सहा, दार मोठं. शेजाऱ्याच्या मनात वीसेक वर्षांपूर्वीचं, वापरलेलं बोनान्झा होतं. तिसरं डायमंड डीए-५० आरजी. यालाही ३०० अश्वशक्ती, पण इंजिन डिझेल तत्त्वाचं, म्हणजे पेट्रोलऐवजी जेट विमानांचंच इंधन पितं.

चौथं नाव मी घातलं: सेस्ना १८२. शेजाऱ्याने नाक मुरडलं. "ती तर मारुती ८०० झाली, काका." असू दे. तिच्याकडे परत येऊ.

आकडे, मांडून

खालचे आकडे मी हिशोबासाठी धरलेले आहेत, कुणाचं कोटेशन नव्हे. विमानाचं पेट्रोल २५० रुपये लिटर, जेट इंधन ११० रुपये, इंजिनची ओव्हरहॉल, म्हणजे बारा वर्षांनी ते पूर्ण उघडून नव्यासारखं करणं, वाहतुकीसकट ६५ लाख (डायमंडची बरीच जास्त), वर्षाला १०० तास उड्डाण, आणि विमान मालक स्वतः उडवणार. तुमचे भाव वेगळे असतील तर तिथे तुमचे टाका, रचना तीच राहील.

| | सिरस, नवं | बोनान्झा, जुनं | डायमंड, नवं |
|---|---|---|---|
| किंमत | ९ कोटी | ३ कोटी | ११ कोटी |
| ४० टक्के जीएसटी | ३.६ कोटी | १.२ कोटी | ४.४ कोटी |
| विमा, वर्षाला | १८ लाख | ९ लाख | २२ लाख |
| हँगर | ८ लाख | ८ लाख | ८ लाख |
| तपासण्या, देखभाल | १२ लाख | १६ लाख | १२ लाख |
| पॅराशूटची राखीव, नेव्हिगेशनचा डेटा वगैरे | ४ लाख | १ लाख | २ लाख |
| न उडवताही जाणारा खर्च | ४२ लाख | ३४ लाख | ४४ लाख |
| इंधन, ताशी | १६,२५० | १५,००० | ४,९५० |
| इंजिनची राखीव, ताशी | ५,४०० | ५,४०० | ८,००० |
| एकूण ताशी | सुमारे ६४ हजार | सुमारे ५४ हजार | सुमारे ५७ हजार |

कराचा आकडा बघून तो दचकला. वैयक्तिक वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के आणि वर ३ टक्के उपकर होता. सीमाशुल्क त्यात धरलेलं नाही. वैयक्तिक नसलेल्या वापराला ५ टक्के आहे हे कळल्यावर प्रत्येक जण जे विचारतो तेच त्यानेही विचारलं. भाड्याने फिरवायचं तर डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, ऑपरेटर परवाना लागतो, त्याचा वेगळा संसार असतो: माणसं, मॅन्युअल, ऑडिट. पस्तीस टक्के वाचवायला तो संसार मांडून मग स्वतःच मागच्या सीटवर बसून फिरायचं, हा मार्ग नोटिशीकडे जातो. तुमच्या कर सल्लागाराकडून लेखी घ्या, माझ्याकडून नको.

आता तक्त्यात न आलेली ओळ. सिरससाठी १२.६ कोटी गुंतले. सात टक्क्यांनी ठेवीचं व्याज वर्षाला ८८ लाख. तासावर वाटलं की आणखी ८८ हजार. म्हणजे सिरसचा तास दीड लाखावर जातो, डायमंडचा एक लाख पासष्ट हजारांवर, आणि जुनं बोनान्झा चौऱ्याऐंशी हजारांत राहतं. इंधनावरून भांडणारे लोक ही ओळ कधीच लिहीत नाहीत. विमानाची घसाऱ्याने उतरणारी किंमत तर मीही सोडून दिली. रविवारचा दिवस होता.

वेगाची किंमत इंधनात नसते

सेस्ना १८२ ताशी पन्नास लिटर पिते आणि १४० नॉटने जाते. सिरस पासष्ट लिटर, १७५ नॉट. तीनशे सागरी मैल, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर जायचं धरा. सिरसला १ तास ४३ मिनिटं आणि १११ लिटर लागतात. सेस्नाला २ तास ९ मिनिटं आणि १०७ लिटर. इंधन जवळजवळ सारखंच. वेगाचे पैसे तुम्ही विम्यात, इंजिनात, गुंतलेल्या भांडवलात मोजता, आणि मिळतात सव्वीस मिनिटं. घोडबंदरला गायमुखच्या चढावर एक ट्रेलर बंद पडला की याहून जास्त वेळ जातो.

वाळूजचंच उदाहरण घेऊ. सकाळी ठाण्याहून जुहूला दीड तास. हवामान बघणं, फ्लाइट प्लॅन, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा (एडीसी) आणि उड्डाण माहिती केंद्राचा (एफआयसी) असे दोन नंबर घेणं, विमानाची फेरी मारून तपासणी: पाऊण तास. हवेत तासभर. उतरून गाडीने वाळूजला जाण्यात अर्धा-पाऊण तास. चार तास झाले. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून भिवंडीच्या बाजूने गाडी घातली की जवळपास तेवढ्याच वेळात माणूस तिथे असतो. ठाण्याला थांबणारी वंदे भारतही आहे. नागपूर किंवा बेळगावला मात्र विमानाचा हात वर होतो, हे कबूल.

झोपायची जागा

ठाणे जिल्ह्यात खासगी छोट्या विमानासाठी धावपट्टी नाही. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली होती. तिच्या जमिनीसाठी २०१७ मध्ये शेतकरी रस्त्यावर आले, ती बातमी आठवत असेल. जुहू १९२८ चं, जेआरडी टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून टपालाचं एकइंजिनी पस मॉथ तिथेच उतरवलं. पण आज तिथे राज्य हेलिकॉप्टरांचं आहे, आणि काम सूर्योदय ते सूर्यास्त. आणि जुहू सोडा, आपल्याकडे नजरेच्या नियमांनी, म्हणजे उपकरणांवर न विसंबता बाहेर बघून उडवायचं तर, रात्री एका गावाहून दुसऱ्या गावी जाताच येत नाही. संध्याकाळी सहाची मीटिंग लांबली की मुक्काम.

"नवी मुंबई आहे की, पाऊण तासावर," तो म्हणाला. तिथे २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी उड्डाणं सुरू झाली हे खरं. पण एअरबसांच्या रांगेत चार सीटचं पिस्टन विमान कायमचं उभं करायला लेखी जागा मिळत नाही तोवर मी ती जागा धरत नाही. शिवाय मोठ्या विमानतळावर लँडिंग, पार्किंग, ग्राउंड हँडलिंग, प्रत्येकाची वेगळी पावती.

मग उरतात बारामती, धुळे, शिरपूर यांसारख्या प्रशिक्षणाच्या पट्ट्या. तिथे हँगर मिळू शकतं, एएमई म्हणजे परवानाधारक देखभाल इंजिनिअर मिळतो, पेट्रोलचे बॅरलही दिसतात. पण बारामती ठाण्याहून अडीचशे किलोमीटर, धुळं तीनशे. विमानापर्यंत पोहोचायला पाच-सहा तास गाडी चालवायची असेल तर ते विमान कामाचं नाही, शौकाचं झालं. शौकाला माझी हरकत नाही. फक्त ते कंपनीच्या प्रवासखर्चात दाखवून स्वतःचीच समजूत घालू नये.

इंधन कुठे आहे, हाही पत्ताच

विमानाचं पेट्रोल, म्हणजे १०० एलएल, फ्लाइंग क्लबांच्या गावी असतं. इंडियन ऑइल ते २०२२ पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला लागली. त्याआधी सगळं बाहेरून यायचं. तरी प्रत्येक विमानतळावर मिळेल असं नाही. उतरल्यावर टाकी भरता येणार नसेल तर परतीचं इंधन घरूनच न्यायचं, म्हणजे चौथा माणूस खाली ठेवायचा. जेट इंधन मात्र जिथे प्रवासी विमान भरतं तिथे मिळतं. डायमंडचा खरा फायदा हा. पैशांत बघितलं तर सिरसपेक्षा तासाला ११,३०० रुपये इंधन वाचतं, पण २.८ कोटी जास्त गुंतले त्याचं व्याज आणि वाढीव विमा धरून वर्षाला साडेतेवीस लाख जातात. दोनशेहून जास्त तास उडवणाऱ्यालाच ते परवडेल. आमचा शेजारी हिशोबाने साठ तास उडवणार होता.

पावसाळा आणि इंजिन

इथे थोडं रेंगाळतो, कारण हे माहितीपत्रकात कुणी छापत नाही. इंजिनला तासांची मर्यादा असते, साधारण १७०० ते २०००. पण इंजिन बनवणारे १२ वर्षांचीही सांगतात. वर्षाला ४० तास उडवलं तर बारा वर्षांत ४८० तासच होतात, आणि ६५ लाख त्यावर वाटले की तासाला साडेतेरा हजार. कमी वापरलेलं इंजिन महाग पडतं ते असं. त्यात आपली खाडीची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. लायकमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट वर असतो, तेल निथळून गेलं की तो उघडा पडतो आणि गंज धरतो. मालकाचं मन राहावं म्हणून आठवड्याला दहा मिनिटं जमिनीवर इंजिन फिरवणारे मी खूप बघितले. त्याने तेल पुरेसं तापत नाही, आतली वाफ बाहेर जात नाही, उलट वाढते. एक तर नीट तासभर उडवा, नाहीतर प्लग काढून ओलावा शोषणारे प्लग लावा आणि झाकून ठेवा.

पाचशे तासांना ठिणगी देणारे मॅग्नेटो उघडायचे, दरवर्षी एअरवर्दिनेस रिव्ह्यूचं, म्हणजे विमान उडण्याजोगं असल्याचं, प्रमाणपत्र नवं करायचं, ही नेहमीची कामं. त्रास सुट्या भागांचा. वीस हजारांचा सेन्सर महिनाभर कस्टममध्ये अडकतो आणि विमान एओजी, हलत नाही. क्लबांमधून सेस्ना आणि डायमंडची छोटी भावंडं बरीच आहेत, त्यामुळे त्यांचे हात आणि पाने सापडतात. म्हणून मी १८२ चं नाव घेतलं होतं.

बोनान्झात चाकं आत-बाहेर करणारी यंत्रणा म्हणजे दरवर्षी जॅकवर चढवून चाचणी, आणि विमा कंपनीच्या कपाळावर आठी. जुनं विमान आयात करायला वयाची चाळणही लागते. आगाऊ रक्कम देण्याआधी डीजीसीएचा त्या दिवशीचा नियम वाचा. व्हीटी नोंदणीचं, भारतातच असलेलं मिळालं तर ही कटकट टळते.

सिरसचं पॅराशूट दहा वर्षांनी बदलावं लागतं. त्याचं रॉकेट म्हणजे कागदोपत्री स्फोटक, साध्या कुरिअरने येत नाही. त्यासाठी मी वर्षाला दोन लाख बाजूला टाकले आहेत. पण खालून कसारा आणि माळशेजचे कडे जात असताना एकुलतं इंजिन बंद पडलं तर पॅराशूट सोडणाऱ्या, डोक्यावरच्या लाल दांड्याची किंमत त्या दोन लाखांत मोजता येत नाही. या एका बाबतीत मी हिशोब बाजूला ठेवून सिरसकडे झुकतो. विशेषतः वैमानिक जर नवा आणि कामात बुडालेला असेल. अमेरिकेत व्ही आकाराच्या शेपटीच्या बोनान्झाला 'डॉक्टर मारणारं' असं नाव पडलं होतं, कारण ते घ्यायला पैसे असणाऱ्यांना सराव करायला वेळ नसायचा. हे सांगितलं तेव्हा शेजाऱ्याची बायको चहा घेऊन उभी होती. तिने कप जरा जोरात ठेवला.

मग कुणी काय घ्यावं

वर्षाला साठ तासांच्या आत असाल तर एकट्याने विकत घेऊ नका. दोन इंजिनांचं, दोन वैमानिकांचं चार्टर ताशी लाख-सव्वा लाखाने मिळालं तरी तुमच्या सिरसच्या खऱ्या तासापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि हँगरची काळजी दुसऱ्याची.

तिघं मिळून शंभराच्या वर जाणार असाल आणि स्वतः उडवणार असाल, तर तिघांत एक सिरस. प्रत्येकी ४० तास धरले तर चालवण्याचा खर्च ताशी ५६ हजारांवर येतो. एकट्याने ४० तास उडवलं असतं तर तोच १ लाख ३५ हजार झाला असता. भांडवलही तीन वाट्यांत जातं. करार वकिलाकडून करून घ्या, दिवाळीच्या सुट्टीत विमान कुणाचं हे त्यात आधी लिहा.

बोनान्झा फक्त त्याने घ्यावं ज्याच्या हाताशी स्वतःचा एएमई आहे आणि ज्याला सहा सीट खरंच लागतात. डायमंड दोनशे तासवाल्याने, आणि कुठलंही मॉडेल असो, त्याला डीजीसीएची टाइप मान्यता आहे का ते बघूनच. शिकाऊ आहात आणि घाई नाही, तर १८२.

शेजारी सध्या माहितीपत्रकं कपाटात ठेवून जुहू आणि नवी मुंबई, दोन्हीकडे पार्किंगच्या जागेसाठी अर्ज घालून बसला आहे. परवा लिफ्टमध्ये भेटला. "काका, पत्र अजून आलं नाही," म्हणाला. दरम्यान त्याने दर शनिवारी क्लबात जाऊन सेस्ना १७२ भाड्याने उडवायला सुरुवात केली आहे.