गाडी पाणी खाते, पण थेंब कुठेच दिसत नाही: कूलंट प्रेशर टेस्टरच्या किटचा आढावा

नागपूर-अमरावतीच्या बाजारातून घेतलेली जुनी गाडी गावात आली की पहिल्या पंधरवड्यात एक तक्रार हमखास निघते: रेडिएटरमधलं पाणी कमी होतं, पण गाडीखाली ओल नाही. तालुक्याला दाखवली तर बोनेट उघडायच्या आत निदान होतं, ‘हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवा लागते.’ मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरतं, फेसिंगला (सपाट घासून घ्यायला) जातं, नवं गॅस्केट (हेडखालचं सील) आणि नवे बोल्ट येतात, आणि गाडी पुन्हा पाणी खायला लागते, कारण दोष रेडिएटरच्या झाकणात किंवा हीटरच्या पाइपात होता. हा फेरा वाचवायला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लागतो: रेडिएटरमध्ये हवेचा दाब भरायचा आणि तो टिकतो का ते पाहायचं. ऑनलाइन मिळणाऱ्या बिनब्रँड किटबद्दल हे लिहितो आहे. किंमत साधारण तीन ते पाच हजारांच्या घरात असते.

पेटीत हातपंप, त्यावर ० ते २.५ बारचा मीटर, रबरी नळी, झटक्यात बसणारा कपलर आणि वीसेक अडॅप्टर येतात. आकडा मोठा वाटतो, पण निम्म्याहून जास्त अडॅप्टर इकडच्या रस्त्यांवर न दिसणाऱ्या परदेशी गाड्यांचे असतात. खेड्यातल्या गॅरेजला खरे लागतात चार-पाच: मारुतीच्या पेट्रोल गाड्यांच्या दोन कानांच्या छोट्या झाकणाचा, जुन्या जीप-सुमोसारख्या गाड्यांच्या मोठ्या झाकणाचा, आट्यांच्या टाकीचे एक-दोन (स्कोडा-फोक्सवॅगनची गोल टाकी त्यातलीच), आणि झाकण तपासायचा. घेण्याआधी आपल्या गाडीचं झाकण उघडून त्याचा फोटो विक्रेत्याला पाठवा. अडॅप्टर जुळत नसेल तर बाकी सगळं किट बिनकामाचं.

किट आल्यावर आधी त्याचीच परीक्षा घ्या. चांगलं नवं झाकण तपासणीच्या अडॅप्टरवर बसवून ०.८ बारपर्यंत हवा भरा आणि दहा मिनिटं थांबा. काटा सरकला तर गळती किटमध्येच आहे, बहुतेक वेळा कपलरच्या ओ-रिंगमध्ये (गोल रबरी सीलमध्ये). स्वस्त किटची हीच दुखरी जागा आहे. ओ-रिंग पातळ असतात, कूलंट लागून फुगतात आणि कपलर बसवताना कातरल्या जातात. हे माहीत नसलं की चांगल्या गाडीलाही गळकी ठरवलं जातं.

आता खरी तपासणी. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी गाडी. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे तोंडावर उकळती वाफ घेणं आहे. पाणी काठोकाठ भरा, अडॅप्टर बसवा आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्या. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमध्ये. ०.९ बार म्हणजे सुमारे १३ पीएसआय, १.१ म्हणजे १६. त्याच्या वर जाऊ नका. जुन्या रेडिएटरची प्लास्टिक टाकी कोरला (मधल्या जाळीला) दुमडलेल्या पत्र्यावर धरलेली असते, जादा दाबाने तीच फुटते आणि नसलेला दोष तयार होतो. पहिल्या मिनिटात काटा जरासा खाली येतो, कारण रबरी पाइप ताणतात. पुन्हा बरोबरीला आणा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका.

काटा जागचा हलला नाही तर थंड अवस्थेत बाहेरची गळती नाही. हळूहळू उतरला तर टॉर्च घेऊन शोधाशोध सुरू करा. क्रम असा ठेवा: रेडिएटरची टाकी आणि कोर यांचा जोड, वरचा-खालचा पाइप आणि त्यांच्या क्लिपा, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हचं) घर, हीटरला जाणारे पाइप, आणि वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप). वॉटर बॉडीच्या खालच्या अंगाला बारीक भोक असतं. आतलं सील गेल्याची खूण म्हणूनच ते ठेवलेलं असतं. तिथून ओघळ आला असेल तर वॉटर बॉडी बदला, भोक बुजवू नका. बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. सुकलेला पांढरा, हिरवट किंवा गुलाबी थर हा उतू गेलेल्या दुधाच्या डागासारखा असतो: आत्ता ओल नसली तरी गळतं कुठून ते सांगतो. चालत्या गाडीत गरम पत्र्यावर पडलेला थेंब जमिनीवर पोचायच्या आत वाळतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना गाडीखाली ओल शोधण्यात काही अर्थ नाही.

डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट उचलून पाहायला विसरू नका. हीटरचा कोर गळत असेल तर कूलंट तिथे मुरतं, काचेवर आतून चिकट वाफ धरते आणि केबिनमध्ये गोडसर वास येतो. विदर्भात हीटर वर्षातून महिनाभर लागतो, त्यामुळे हा भाग कोणी बघतच नाही.

किटमधली सर्वांत मोलाची वस्तू मात्र झाकणाचा अडॅप्टर आहे. झाकणाने आपल्या आकड्यापर्यंत दाब धरायला हवा आणि त्याच्या आसपासच सोडायला हवा. ०.९ चं झाकण ०.४ वरच सोडत असेल तर उकळबिंदू खाली येतो. बंद प्रणालीत एक बार दाबाखाली साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, उघड्यावर १०० ला. दाब नसला की हेडमधल्या तापलेल्या जागी वाफ धरते, ती पाणी रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत ढकलते आणि बाटलीतून ते रस्त्यावर जातं. झाकणात आणखी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, गाडी थंड होताना बाटलीतलं पाणी परत ओढून घेणारा. तो अडकला की सकाळी वरचा पाइप चिपकलेला दिसतो, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. ही खूण दिसली तर आधी झाकण बदला आणि आठवडाभर पाहा. काही शे रुपयांत प्रश्न मिटतो. झाकण त्याच उंचीचं, त्याच आकड्याचं घ्या. ‘जास्त दाबाचं चांगलं’ ही समजूत रेडिएटर फोडते.

बाहेर काहीच नाही आणि काटा मात्र उतरतो, तेव्हा संशय आत न्यायचा. इथे किट एकटं पुरत नाही. सोबत निळ्या द्रवाचा ब्लॉक टेस्टर घ्या. गरम, चालू इंजिनच्या रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून खेचायची. सिलिंडरमधला वायू पाण्यात मिसळत असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा होतो, डिझेलमध्ये हिरवट. यासाठी झाकण थंड असतानाच काढून ठेवायचं आणि मग इंजिन सुरू करून तापवायचं. आधी पाण्याची पातळी दोन इंच खाली आणा, नाहीतर कूलंटच नळीत ओढलं जातं आणि द्रव वाया जातो. डिझेल आयडलवर (अॅक्सिलरेटर न देता चालू असताना) भरपूर जादा हवा घेतं, त्यामुळे रंग सावकाश बदलतो. अॅक्सिलरेटर थोडा दाबून दोन मिनिटं तरी थांबा. द्रव जिवंत आहे का हे पाहायला सायलेन्सरजवळची हवा ओढून बघावी, रंग बदललाच पाहिजे.

प्रेशर टेस्टरनेही एक इशारा मिळतो. थंड इंजिनवर पंप लावून, ०.३ बारच्या आसपास ठेवून गाडी सुरू करा. पाणी तापायच्या आत, पहिल्या मिनिटभरात काटा झपाट्याने चढला तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतो आहे. लगेच बंद करा आणि दाब सोडा. शंका राहिली तर दाब देऊन गाडी रात्रभर ठेवा, सकाळी प्लग किंवा ग्लो प्लग काढा आणि स्टार्टर फिरवा. ज्या सिलिंडरमधून तुषार उडेल तो गुन्हेगार.

डिझेलवाल्यांनी मात्र हेडवर थेट आरोप ठेवण्याआधी ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा इंजिनात परत जाणारा वायू कूलंटने थंड करणारा भाग) वगळावा. बीएस-४ (प्रदूषणाचं मानक) आणि नंतरच्या बऱ्याच गाड्यांत तो असतो. आतून फुटला की कूलंट एक्झॉस्टमध्ये जातं: बाहेर थेंब नाही, सकाळी सुरू करताना पांढरा गोडसर धूर. कूलरचे दोन्ही पाणी-पाइप काढून एकमेकांना जोडा, पुन्हा दाब द्या. आता काटा टिकला तर दोष हेडमध्ये नाही, कूलरमध्ये आहे. हा प्रयोग अर्ध्या तासाचा, आणि वाचतं ते हेडचं पूर्ण काम.

नुकत्याच घेतलेल्या गाडीत फसवायच्या युक्त्या ओळखाव्या लागतात. रेडिएटरच्या तोंडाला पिवळट चिखल दिसला तर कोणीतरी हळद टाकलेली आहे. आपल्याकडचा हा जुना तोडगा आहे, गळती चार दिवस थांबते आणि हीटरचा कोर कायमचा चोंदतो. चांदीसारखी चमकणारी पूड म्हणजे स्टॉप-लीक, गळती बुजवायचं बाजारातलं औषध. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर इंजिन तापायला खूप वेळ लागतो. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांना उघडतात. पंखा किल्ली फिरवताच चालू होत असेल तर तो डायरेक्ट जोडलेला आहे. एसी बंद आहे ना, एवढं पाहून मग हा निष्कर्ष काढा. अशा गाडीत टेस्टर लावण्याआधी प्रणाली धुऊन घ्या, कारण चिखलाने बुजलेली गळती दाबाखाली पंधरा मिनिटं सहज टिकते आणि किट तुम्हाला खोटा दिलासा देतं.

पाण्याबद्दल अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना खास सांगणं आहे: बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. त्यातलं मीठ अॅल्युमिनियमचं हेड आणि कोर खातं, चुन्याचा थर नळ्या अरुंद करतो. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात मिळतो, फक्त तिथून चुकून अॅसिड आणू नका. कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे. छोट्या पेट्रोल गाडीत सगळं मिळून चार लिटरच्या आसपास लागतं. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवा. हवा निघाल्याने पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरते, ती गळती नव्हे. त्यानंतर बाटलीवर मार्करने रेघ मारा, रोज सकाळी थंड गाडीत बघा, किलोमीटर लिहा. शेवटची परीक्षा चढावर: परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, पाच माणसं, एसी चालू. सपाट रस्त्यावर टिकलेली गाडी तिथे खरं सांगते.

किटला पाचपैकी साडेतीन. मीटर पुरेसा खरा आहे, टायरच्या गेजशी १५ पीएसआयला ताडून पाहिला तर फरक कळतो. दाब सोडायचा व्हॉल्व्ह सोयीचा आहे, तो दाबून काटा शून्यावर आल्याशिवाय अडॅप्टर फिरवू नये. एक गुण कपलरच्या ओ-रिंगमुळे गेला, अर्धा नको त्या अडॅप्टरमुळे. एकट्या मालकाने घेण्यापेक्षा गावातल्या चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून घ्यावं, किंवा गॅरेजवाल्याने. सोबत त्याच मापाच्या दहा ओ-रिंग आणून ठेवा, आणि वापरानंतर साध्या पाण्याने धुऊन त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावलं तर बऱ्याच रबरी रिंग फुगून निकामी होतात.