कल्पनेतली कोणती गाडी जास्त भारी? गुण, क्रमवारी, जोड्या की प्रेक्षकांची मते

गोव्यात गणपतीच्या वर रानफळे बांधून सजवतात त्या माटोळीच्या स्पर्धेत परीक्षकाला निदान मोजायला काहीतरी असते: किती प्रकारची रानफळे बांधली, त्यातली दुर्मिळ किती. अस्तित्वातच नसलेल्या गाड्यांच्या डिझाइन स्पर्धेत 'सगळ्यात भारी दिसणारी गाडी' हे बक्षीस ठेवले की मोजायला हाती काहीच उरत नाही. गाडीला ना मायलेज आहे ना किंमत. समोर एक चित्र असते आणि ते पाहून परीक्षकाला काय वाटले तेवढेच. म्हणून फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आल्तिनोच्या कला महाविद्यालयात किंवा मडगावच्या एखाद्या क्लबात अशी स्पर्धा भरवणाऱ्याने परीक्षकांची नावे नंतर शोधावीत, आधी पद्धत ठरवावी. गाड्या त्याच, परीक्षक तेच, पण पद्धत बदलली की पहिला नंबर बदलू शकतो, आणि खाली ते आकड्यांनिशी दिसेल.

आमचा कौल आधीच सांगून टाकतो. ८ पर्यंत गाड्या असतील तर क्रमवारी लावा. ९ ते ३० असतील तर जोड्या लावा. त्याहून जास्त असतील तर आधी चाळणी करा आणि मग जोड्या. रकाने आखलेले गुणपत्रक या एका बक्षिसासाठी वापरू नका.

गुणपत्रक: सोयीचे, पण गुळमुळीत गाडीला जिंकवणारे

सर्रास दिसते ते हेच. प्रमाणबद्धता १०, कल्पकता १०, बारकावे १०, वापरयोग्यता १०, रंगसंगती १०, एकूण ५०. आयोजकांना ते आवडते, कारण निकालावरून कोणी भांडायला आला तर कागद दाखवता येतो. अडचण बेरजेत आहे. एका गाडीला पाचही रकान्यांत ७ मिळाले, एकूण ३५. दुसरीला प्रमाणबद्धतेत १०, कल्पकतेत १०, बारकाव्यांत ५, वापरयोग्यतेत ३ आणि रंगसंगतीत ६ मिळाले, एकूण ३४. सभागृहात लोक दुसरीभोवती जमलेले असतील, पण बक्षीस पहिलीला जाईल. १९७० साली बेर्तोने या इटालियन डिझाइन कंपनीने दाखवलेली लान्चिया स्ट्रॅटोस झीरो ही गाडी जेमतेम ८४ सेंटीमीटर उंच होती आणि आत शिरायला पुढची काच वर उचलावी लागे. वापरयोग्यतेच्या रकान्यात तिला कोणी ३ तरी दिले असते का? तरीही गाड्यांच्या शौकिनांना ती आज अर्धशतकानंतर आठवते. भारीपणा हा पाच गोष्टींची बेरीज नसतो. एखाद-दुसरी गोष्ट टोकाला नेलेली असते आणि बाकीच्या त्यामागे निभावून जातात.

दुसरी अडचण परीक्षकांच्या हाताची. काही जण ६ ते ८ मध्येच गुण देतात, काही जण २ पासून १० पर्यंत मोकळे सोडतात. तीन परीक्षक घ्या. पहिले दोघे 'क्ष' गाडीला ८ आणि 'य' गाडीला ७ देतात. तिसरा क्षला ३ आणि यला ९ देतो. बेरीज होते क्ष १९, य २३. तिघांपैकी दोघांना क्ष जास्त आवडली होती, तरी जिंकली य, कारण तिसऱ्याचा हात मोकळा होता. यावर उपाय आहे: प्रत्येक परीक्षकाने दिलेल्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करावी आणि उत्तराला त्याच्याच गुणांच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्या मापाने, भागावे. स्प्रेडशीटमध्ये हे दोन सूत्रांचे काम आहे. पण प्रत्येक परीक्षकाने सगळ्या गाड्या पाहिलेल्या असतील तरच त्याला अर्थ. अर्ध्या गाड्या एकाला आणि अर्ध्या दुसऱ्याला वाटून दिल्या असतील तर चांगल्या गाड्यांचा गठ्ठा ज्याच्या वाट्याला आला त्याच्या गाड्या विनाकारण खाली ओढल्या जातात.

'सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळा' हा लाडका उपाय इथे उलटा पडतो. एका गाडीला पाच परीक्षकांनी १०, १०, ५, ५, ५ दिले आणि दुसरीला सरसकट ७. दोघींची सरासरी ७ येते. दोन टोके वगळल्यावर पहिली ६.६७ वर घसरते आणि दुसरी ७ वरच राहते. दोन परीक्षकांना जी गाडी वेड लावून गेली तिलाच हा नियम मारतो.

गुणपत्रक टाकून द्या असे मात्र नाही. विद्यार्थ्याला आपले कुठे चुकले हे कळायला ते उत्तम. फक्त नंबर काढायला वापरू नका.

क्रमवारी: थोड्या गाड्यांसाठी पुरेशी

प्रत्येक परीक्षकाने गाड्या आवडीनुसार ओळीने लावायच्या. आठ असतील तर पहिलीला ७, दुसरीला ६, असे उतरत शेवटचीला ०. ही बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी अठराव्या शतकातली पद्धत. हात मोकळा असण्या-नसण्याचा प्रश्न इथे आपोआप सुटतो. आठ कार्डे टेबलावर मांडली की पाच-सात मिनिटांत काम होते.

आठाच्या पुढे मात्र मधला भाग नुसता अंदाजाचा होतो. पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन कोणत्या हे माणूस ठामपणे सांगतो. अकरावी आणि चौदावी यांत त्याला खरे तर फरक दिसत नसतो, पण त्या अंदाजालाही पूर्ण गुण मिळतात.

याहून मोठी खोट आहे ती जुळ्या प्रवेशिकांची. पाच परीक्षकांपैकी तिघांना अ गाडी ब पेक्षा आवडते, दोघांना उलट. अ जिंकते. आता ब च्याच गटाने तिच्यासारखीच, पण जरा कमी प्रतीची क गाडी आणखी एका नावावर दिली. तिघांची क्रमवारी अ, ब, क. दोघांची ब, क, अ. गुण २, १, ० धरले तर अ ला ६, ब ला ७, क ला २. कोणाचेही मत बदलले नाही, फक्त एक भरतीची गाडी आली आणि ब जिंकली. म्हणून क्रमवारी वापरायची तर 'एका गटाची एकच प्रवेशिका' हा नियम लेखी ठेवा.

धाडसी डिझाइनला वाव द्यायचा असेल तर गुणांची पायरी वरच्या बाजूला मोठी करा. युरोव्हिजन गीतस्पर्धेत १९७५ पासून १२, १०, ८ आणि मग ७ ते १ असे गुण दिले जातात ते याच धर्तीवर. काहींना मनापासून आवडलेली गाडी त्यात सगळ्यांना बरी वाटलेल्या गाडीच्या पुढे जाऊ शकते.

जोड्या: मेहनत जास्त, निकाल सगळ्यात खरा

परीक्षकासमोर दोनच गाड्या येतात आणि प्रश्न एकच असतो: 'यातली कोणती जास्त भारी?' गुण नाहीत, रकाने नाहीत, बरोबरीही नाही. माणसाला 'ही किती भारी' हे सांगता येत नाही, पण 'ही की ती' हे दोन क्षणांत सांगता येते. मानसशास्त्रज्ञ थर्स्टनने १९२७ मध्ये या तत्त्वावर मोजमापाची रीत मांडली आणि अशा लढतींवरून प्रत्येकाचे बळ काढणारे ब्रॅडली-टेरी सूत्र १९५२ मध्ये आले.

सगळ्या जोड्या लावायची गरज नाही. २४ गाड्यांच्या २७६ जोड्या होतात आणि पाच जणांनी त्या सगळ्या पाहायच्या म्हणजे १३८० निर्णय. त्याऐवजी प्रत्येक परीक्षकाला ४८ जोड्या द्या, अशा की त्याच्यापुढे प्रत्येक गाडी चार वेळा येईल, दर वेळी वेगळ्या गाडीसमोर. पाच जणांचे मिळून २४० निर्णय होतात आणि प्रत्येक गाडी २० लढती खेळते. एका जोडीला १५ सेकंद धरले तर परीक्षकाचे काम १२ मिनिटांत आटोपते. जोड्यांची यादी आदल्या दिवशीच तयार ठेवा. डावी-उजवी बाजू आलटून-पालटून ठेवा, आणि प्रत्येक परीक्षकाचा क्रम वेगळा ठेवा. त्याआधी सगळ्या २४ गाड्या प्रत्येकी ३ सेकंद नुसत्या दाखवा. नाहीतर पहिल्या पाच-सहा जोड्यांत परीक्षक अजून अंदाजच घेत असतो.

नुसते विजय मोजले तर तगड्या गाड्यांसमोर पडलेल्या गाडीवर अन्याय होतो. तो दूर करायचा ब्रॅडली-टेरीचा हिशेब असा. प्रत्येक गाडीला सुरुवातीला बळ १ द्या. मग प्रत्येक लढतीसाठी १ भागिले (आपले बळ + समोरच्या गाडीचे बळ) काढा आणि या सगळ्यांची बेरीज करा. गाडीच्या एकूण विजयांना त्या बेरजेने भागले की नवे बळ मिळते. ही फेरी २०-३० वेळा केली की आकडे स्थिरावतात. प्रत्येक फेरी नव्या स्तंभात लिहा. एकाच स्तंभात केली तर स्प्रेडशीट चक्राकार संदर्भाची तक्रार करत अडते. एखादी गाडी सगळ्या लढती जिंकली किंवा हरली तर मात्र आकडे स्थिर होत नाहीत, त्यासाठी प्रत्येक गाडीला बळ १ असलेल्या एका काल्पनिक गाडीविरुद्ध अर्धा विजय आणि अर्धा पराभव आधीच लिहून ठेवा.

निकाल वाचताना एक मर्यादा लक्षात असू द्या. २० लढतींत योगायोगाने दोन-एक विजय इकडेतिकडे सहज होतात. ११ विजय आणि १२ विजय यांत फरक नाही. म्हणून पहिल्या सहा गाड्या बाजूला काढा आणि त्यांच्या सगळ्या १५ जोड्या प्रत्येक परीक्षकाकडून पुन्हा लावून घ्या. पहिल्या तीन नंबरांचा निकाल त्या फेरीवरच द्या. जुळ्या प्रवेशिकांचा डाव इथे फारसा चालत नाही, आणि स्पर्धकांनाच परीक्षक केले तरी ज्याच्या त्याच्या गाडीच्या जोड्या वगळल्या की काम भागते. क्रमवारीत स्पर्धक तगड्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाला ढकलतात. इथे तशी लबाडी करायलाही त्याला चारच संधी असतात.

प्रेक्षकांची मते: दुसरे बक्षीस म्हणून ठीक

मोबाइलवरून मतदान ठेवले तर डिझाइन जिंकत नाही, वाड्यावरचा व्हॉट्सॲप ग्रुप जिंकतो. गोव्यात दिवाळीच्या आदल्या, नरकासुराचे पुतळे मिरवण्याच्या रात्री लोक कसे आपापल्या वाड्याच्या मागे उभे राहतात हे ज्याने पाहिले आहे त्याला हे सांगायला नको. मते सभागृहातच घ्या, दारावर चिठ्ठी देऊन. 'एकच निवडा' असे म्हणू नका, 'आवडतील तितक्यांवर खूण करा' म्हणा. सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांची मते त्यामुळे फुटत नाहीत. चित्राखाली टिकल्या चिकटवायला लावणे टाळा. जिथे आधीच दहा टिकल्या आहेत तिथेच अकरावी लागते. चिठ्ठी बंद पेटीत जाऊ द्या. तीसच्या वर प्रवेशिका आल्या तर पहिली चाळणी परीक्षकांकडून याच खुणांच्या पद्धतीने करून १६ ते २४ गाड्या जोड्यांसाठी ठेवता येतात.

पद्धत कोणतीही असो, चित्रे एकसारखी हवीत

बऱ्याचदा गाडी जिंकत नाही, तिचे रेंडर, म्हणजे संगणकावर रंगवलेले चित्र, जिंकते. म्हणून प्रत्येकाकडून त्याच तीन कोनांतल्या प्रतिमा मागा: समोरून तिरपी एक, मागून तिरपी एक आणि सरळ बाजूने एक. पार्श्वभूमी एकच करडी. कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ पूर्ण फ्रेमच्या हिशेबात ७० मिलीमीटरच्या आसपास ठरवून द्या. २४ ला पुढचा भाग फुगतो आणि साधी हॅचबॅकही आक्रमक दिसते. बाजूच्या चित्रात चाके मोजा. चाके फुगवून आणि गाडी जमिनीला टेकवून कोणतेही रेखाटन देखणे करता येते, त्यामुळे चाकाच्या व्यासाची कमाल मर्यादा नियमातच लिहा. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांची उंची साधारण दोन चाकांहून थोडी जास्त भरते. गाडीची गोष्ट, काल्पनिक कंपनीचे नाव आणि स्पर्धकाचे नाव पहिल्या फेरीत झाकलेले ठेवा.

गाडी एखाद्या ठरावीक काळातली दाखवायची असेल तर कालविसंगतीची तपासणी वेगळ्या माणसाकडे द्या आणि ती फक्त पास-नापास ठेवा. अमेरिकेच्या बाजारासाठी म्हणून १९७८ ची गाडी काढली आणि तिला गाडीच्या आकाराबरोबर वळणारे हेडलॅम्प दिले तर ती नापास. तिथे १९४० पासून सीलबंद साच्यातले दिवेच सक्तीचे होते आणि ती सक्ती १९८३ मध्ये सैल झाली. उघडझाप करणारे हेडलॅम्प २०१५ च्या मोठ्या कंपनीच्या गाडीवर दिसले तरी शंका घ्या. तसे दिवे असलेल्या मोठ्या उत्पादनातल्या शेवटच्या गाड्या २००४ च्या सुमारास बंद झाल्या.

प्रिंट लावणार असाल तर ए३, २५० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) वरचा कागद, फोमबोर्डवर चिकटवलेला. जून ते सप्टेंबरात साधा कागद दोन दिवसांत गुंडाळी होतो आणि कडा वळलेली गाडी परीक्षकाला नकळत कमी प्रतीची वाटते. प्रोजेक्टर वापरणार असाल तर दुपारी खिडक्यांना काळा कपडा लावा. गडद रंगाच्या गाड्या उजेडात सगळ्यात आधी मरतात.

निकाल लावताना नंबरासोबत अंतिम फेरीतले विजयही फलकावर लिहा. पाच परीक्षकांच्या ७५ निर्णयांत प्रत्येक गाडी २५ लढती खेळते. पहिल्या दोघींत तीन विजयांपेक्षा कमी अंतर असेल तर आपसातल्या पाच लढती पाहा. त्याही ३-२ असतील तर बक्षिसाची रक्कम निम्मी निम्मी वाटा, आणि तसा नियम प्रवेश अर्जातच छापलेला असू द्या.