दुनळीच्या नळ्यांवर रस्ट ब्लूइंग, कडीवर सिरॅमिक लेप : अकरा महिन्यांचा अनुभव

काजूच्या बागेसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेली आमची बारा बोअरची दुनळी बंदूक (परवान्यावर तिची नोंद ‘डीबीबीएल’, म्हणजे डबल बॅरल ब्रीच लोडिंग, अशी आहे) वडिलांकडून माझ्याकडे आली, तेव्हा नळ्यांवरचा काळसर निळा रंग हात धरण्याच्या जागी पार उडालेला होता आणि घोड्याभोवतीच्या (ट्रिगरभोवतीच्या) कडीला गंजाने खड्डे पाडले होते. मे २०२४ मध्ये एका परवानाधारक कारागिराकडून मी नळ्यांना रस्ट ब्लूइंग (पोलादाचा पृष्ठभाग मुद्दाम गंजवून काळसर निळा करण्याची पद्धत), तर कडीला आणि बंदूक ‘मोडण्याच्या’, म्हणजे काडतूस भरण्यासाठी मधून उघडण्याच्या, खटक्याला सिरॅमिक लेप करून घेतला. वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या सिंधुदुर्गात एकाच बंदुकीवर दोन्हींची परीक्षा झाली, म्हणून हे लिहितो आहे.

गरम ब्लूइंग एका दिवसात होते, पण त्यातले कॉस्टिक क्षारांचे उकळते द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअसचे असते आणि दोन नळ्या जोडणारी पट्टी ज्या कथील-शिशाच्या डाकाने बसवलेली असते, त्या डाकाला ते खाते. शिवाय पट्टीखाली शिरलेला क्षार पुढे कित्येक महिने आतून गंज धरतो. त्यामुळे दुनळीला रस्ट ब्लूइंगच योग्य. नळीवर सौम्य आम्लाचे द्रावण पुसून तिला मुद्दाम गंजवायचे, मग साध्या पाण्यात उकळून त्या तांबड्या गंजाचे काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर करायचे, वर आलेली भुकटी तारेच्या मऊ ब्रशने झाडायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझ्या नळ्यांना अशा आठ फेऱ्या लागल्या. आधीच्या पॉलिशमध्ये क्रमांक पुसट होणार नाही, याची खात्री मी समोर उभे राहून करून घेतली, कारण शस्त्र अधिनियमानुसार ओळखक्रमांक मिटवणे हा गुन्हा आहे.

रंग अप्रतिम आला, मात्र ब्लूइंग म्हणजे रंगासारखा वरून बसलेला थर नव्हे. ते लोखंडाच्याच पृष्ठभागाचे एक-दोन मायक्रॉन जाडीचे रूपांतर असते आणि त्याचा खरा उपयोग तेल धरून ठेवण्यापुरता. आठवड्याला एकदा पातळ खनिज तेलाचा हात फिरवला, तोवर संपूर्ण श्रावणात नळ्यांच्या उघड्या भागावर एक ठिपकाही पडला नाही. (आजोबा खोबरेल लावत, ते काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरते, तेव्हा तो मोह टाळावा.) नळीखालचे लाकूड काढून पाहण्याचा मात्र मी आळस केला आणि तिथे लाकडाने शोषलेल्या दमटपणामुळे बोटभर लांबीची तांबडी रेघ सापडली. कॅनव्हासचे आवरण तर मी आता फक्त ने-आण करण्यापुरते वापरतो, कारण पावसाळ्यात ते ओल्या पोत्यासारखे वागते.

विधानसभेच्या निवडणुकीसाठी ऑक्टोबरमध्ये बंदूक जमा करावी लागली. नोव्हेंबरअखेर परत मिळाली, तेव्हा डाव्या नळीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा रेषान् रेषा गंजाने उमटलेला होता. घामातले मीठ तेलाचा हात नसताना काय करते, याचे इतके नेमके चित्र मी दुसरे पाहिलेले नाही. सर्वांत बारीक पोलादी लोकर तेलात बुडवून हलक्या हाताने घासली आणि ठसा गेला. खालचा काळा रंग किंचित फिका झाला, एवढेच.

त्याच सहा आठवड्यांत सिरॅमिक लेपाला काहीही झाले नव्हते. वाळूच्या माऱ्याने धातू खरखरीत करून, फवारून, सुमारे १२० अंशांवर दोन तास भाजलेला हा सुमारे २५ मायक्रॉनचा थर घाम, खारा वारा आणि माझा आळस हे सगळे सोसतो. पण जाडी हाच त्याचा दोषही आहे. कारागिराने खटक्याचा घासणारा भाग झाकून न घेता लेप दिल्याने पहिले दोन महिने खटका इतका कडक होता की बंदूक मोडायला अंगठा दुखायचा, आणि शेवटी तेथील लेप काढून टाकावा लागला. त्याहून वाईट म्हणजे, चिऱ्याच्या गडग्यावर घासून कडीच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला आणि डिसेंबरपर्यंत गंज त्या फटीतून लेपाच्या खाली सरकला. ब्लूइंगवरचा गंज दिसतो आणि घरच्या घरी निघतो. लेपाखालचा दिसत नाही, आणि दिसला तरी तो भाग पुन्हा खरवडून, फवारून, भाजूनच दुरुस्त होतो.

मृगाच्या आधी कडी पुन्हा कारागिराकडे जाईल आणि या वेळी तिलाही रस्ट ब्लूइंगच करायला सांगणार आहे. खटक्यावरचा उरलेला लेप तसाच ठेवतो, कारण तिथे अंगठा रोज लागतो आणि मी रोज तेल लावणाऱ्यांतला नाही.