बोर धरणाची सायकल राईड: रूट झकास, 'नो ड्रॉप' मात्र मनावर घेऊ नका

कोजागिरीनंतरच्या रविवारी आमच्या वर्ध्यातल्या एका सायकल क्लबसोबत ग्रुप राईड केली. वर्धा, पवनार, सेलू, हिंगणी, बोर धरण आणि परतताना येळाकेळीकडून, सगळं मिळून ७० किमीच्या आसपास. फी ४५० रुपये, त्यात नाश्ता, जेवण, मागून एक पिकअप गाडी आणि एक टीशर्ट (एकदा घातला, आता चेन पुसायच्या कामी येतो). क्लबचं नाव लिहीत नाही, माणसं रोज चहाच्या टपरीवर भेटतात.

टाइम साडेपाचचा दिला होता, निघालो सव्वासहाला. कारण काय तं फोटो. आता ऑक्टोबरमधे आपल्याकडं सकाळी जॅकेट लागते अन् अकरा वाजता डोकं तापते, त्यामुळं हा पाऊण तास शेवटी उन्हातच फेडावा लागतो, हे यांना दरवर्षी नव्यानं कळते.

पवनारपर्यंत तुळजापूर हायवे आहे, सिमेंटचा, ट्रकवाले बाजूनं सुसाट, मजा नाही. पण धामच्या पुलावर थांबलो तेव्हा खाली विनोबांच्या आश्रमाकडं नदीवर पातळ धुकं होतं आणि कोणीच काही बोलत नव्हतं, तेवढ्यात पिकअपवाल्यानं गाणं लावलं. असो. सेलूत तर्री पोहे अन् आलूबोंडा, तर्री एकदम कडक, पोटात आग लावून पुढचे दहा किलोमीटर तिनंच ओढले. नाश्त्याला पैकीच्या पैकी.

खरी राईड सेलू सोडल्यावर सुरू होते. कपाशी फुटलेली, तूर अजून हिरवीगार, एका वावरात सीतादही, म्हणजे कापूस वेचणीची पूजा, चालली होती, तिथल्या बायांनी हाक मारून हातावर दहीभात दिला, लीडर पुढं घाई करत होता तरी आम्ही चौघं थांबलोच. सोयाबीन मात्र जपून, बरं का. लोकांनी अर्ध्या डांबरावर वाळत घातलेलं असते, त्या दाण्यांवरून बारकं टायर असं सरकते की ब्रेक मारला की आडवंच, आणि थ्रेशरजवळचा भुसा डेरेलरमधे, म्हणजे गिअर बदलणाऱ्या मागच्या यंत्रात, जाऊन बसतो. ब्रेक न लावता सरळ जायचं नाहीतर उतरून हातात धरायची. मी उतरलो. तिथं राखण बसलेल्या आजी सायकलीकडं बघून म्हणाल्या, "किती रुपयाची हाय जी?" मी लाजत आकडा सांगितला तं म्हणतात, "बाप्पा! अन् स्टँड बी नाई देल्लं?" यावर माझ्याकडं काही उत्तर नव्हतं, सायकल त्यांच्याच पोत्याला टेकवून पाणी प्यालो.

हिंगणीच्या पुढं लीडरला काय सुचलं कोण जाणे, "जरा ग्रॅव्हलचा फील घेऊ" म्हणून सगळ्यांना पांदणीत, म्हणजे शेतातल्या कच्च्या गाडरस्त्यात, घातलं. हा रस्ता यांनी उन्हाळ्यात पाहिलेला. पावसाळाभर तिथून ट्रॅक्टर अन् बैलबंड्या गेल्या, काळ्या मातीत हातभर खोल चाकोऱ्या पडल्या अन् त्या आता वाळून दगड झाल्या. दोघं पडले, लागलं नाही फार. मला कुपाटीतला बाभळीचा काटा घुसला. ट्यूब बदलली, टायरमधून बोट फिरवायचं विसरलो, काट्याचं टोक आतच राहिलं आणि अर्ध्या किलोमीटरवर दुसरी ट्यूबही गेली. ही चूक माझी. पण पिकअपमधला पंप फक्त मोटरसायकलच्या वॉल्वचा, माझा वॉल्व रोडबाईकचा बारका, ही चूक कोणाची? एवढासा पितळी अडॅप्टर येतो, दोन पंचविशीचा माल, तो ठेवायला काय जाते? पॅच मारल्यावर शेवटी दुसऱ्या रायडरचा हातपंप मागून घेतला.

एवढं होईस्तोवर ग्रुप गायब. पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'नो ड्रॉप राईड', म्हणजे मागच्याला सोडायचं नाही, आणि शेवटी चालणारा जो स्वीप रायडर तो पुढच्या बीआरएमवाल्यांसोबत (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला मारणारे सायकलवाले) शर्यत लावून निघून गेला. त्या मंडळींना २०० किमी साडेतेरा तासांत करायची सवय, त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी थांबा म्हटलंच नाही. पिकअपही जेवणाचे डबे घेऊन पुढं गेली. आणि ही जागा कोणती तं बोर, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प, देशातल्या सगळ्यात छोट्या प्रकल्पांपैकी एक असला तरी वाघ काही छोटे नसतात. मी एकटा, दोन्हीकडं झाडी, मोबाईलला रेंज नाही. समोरून एक दूधवाले काका आले, त्यांनी विचारलं "एकलेच काहून?" आणि गाडी वळवून धरणापर्यंत माझ्या मागं मागं हळूहळू आले. मला तं तेच स्वीप वाटले.

धरणावर भाकर, झुणका, वांग्याची भाजी, ठेचा, सगळं गरम, वाढणारे आग्रहानं वाढत होते, राग अर्धा तिथंच गेला. पाण्यावर वारा छान होता. परतताना ऊन, समृद्धीच्या पुलाखाली सावलीत दहा मिनिटं सगळे आडवे.

पाचपैकी तीन देतो, रूट अन् जेवणाचे. ग्रुपवर स्वीप आणि वॉल्वचं लिहिलं, उत्तर आलं 'नोटेड' आणि एक अंगठा. नवीन असाल तर जोडीदार घेऊन जा, दोन ट्यूब ठेवा, अन् लीडर पांदणीकडं वळला तर तुम्ही डांबरावरूनच या, धरण काही पळून जात नाही.