नोकरी शोधण्याआधीच्या तीन बैठका: नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका करिअर समुपदेशन केंद्राचा अनुभव

मेकॅनिकल पदविकेनंतर अंबड औद्योगिक वसाहतीत उत्पादन विभागात सात वर्षे काढल्यावर मी नोकरी बदलायचे ठरवले आणि सातपूर, सिन्नर, चाकण अशी जिथली जाहिरात दिसेल तिथे चार महिने एकच बायोडेटा पाठवत राहिलो. बोलावणे दोनच ठिकाणांहून आले आणि दोन्हीकडे, नेमके कोणते काम हवे आहे या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही. म्हणून या केंद्रात तीन बैठकांसाठी साडेचार हजार रुपये भरले.

पहिली बैठक निराशाजनक होती. कल चाचणी फक्त इंग्रजीत होती आणि तिचा वीस पानी अहवाल कोणालाही लागू पडेल इतका मोघम निघाला.

खरे काम दुसऱ्या बैठकीत झाले. समुपदेशक मॅडमनी मला गेल्या महिन्यातील प्रत्येक शिफ्टमध्ये काय केले ते आठवून लिहायला लावले, आणि त्यातून असे दिसले की उत्पादनाचा आकडा गाठण्यापेक्षा माल का नाकारला गेला याचा छडा लावण्यात माझे मन अधिक रमते. त्यानंतर त्यांनी नाशिक परिसरातील गुणवत्ता विभागाच्या वीस जाहिराती गोळा करून त्यांतील अटींचा तक्ता करायला सांगितला. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या जाहिरातींत २०१६ मध्ये आलेले आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक आणि त्यासोबतची एपीक्यूपी (गुणवत्तेचे आगाऊ नियोजन), पीपॅप (सुट्या भागाला ग्राहकाची मंजुरी), एफएमईए (संभाव्य दोषांचा आधीच विचार), एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर नियंत्रण) व एमएसए (मोजमाप पद्धतीची पारख) ही पाच साधने पुन्हा पुन्हा दिसत होती. एसपीसीचे तक्ते मी रोज भरत होतो, पण बायोडेटात त्याचा उल्लेखच नव्हता. एमएसए मात्र मला मुळीच येत नव्हते. काय सांगायचे राहून गेले आणि काय शिकायचे बाकी आहे, हे दोन्ही त्या एका तक्त्यातून कळले.

तिसऱ्या बैठकीला पत्नीलाही बोलावले होते, हे मला फार योग्य वाटले. घराचा हप्ता, हातात पडणारा किमान पगार आणि सिन्नरपर्यंतचा सुमारे ३० किलोमीटरचा रोजचा प्रवास यांवर मोकळेपणाने बोलणे झाले, आणि चाकणचा विचार आम्ही दोघांनी मिळून सोडला. शेवटी दोन वर्षांत, नाशिक–सिन्नर पट्ट्यातच, सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता अभियंता होणे हे उद्दिष्ट कागदावर आले. त्यात न बसणारी जाहिरात मी आता बाजूला ठेवतो. गेल्या दोन महिन्यांत सहाच अर्ज केले, त्यांतून दोन मुलाखती झाल्या. निकाल यायचा आहे, पण नेमके कोणते काम हवे आहे या प्रश्नाला या वेळी मी न अडखळता उत्तर दिले.

चाचणी मराठीत उपलब्ध करावी आणि अहवालाची पाने कमी करून दुसऱ्या बैठकीचा वेळ वाढवावा, अशी विनंती मी केंद्राला केली आहे. नुकतेच उत्तीर्ण झालेल्यांना मात्र लगेच जा असे मी सांगणार नाही, कारण रोजच्या कामाच्या नोंदीच नसतील तर दुसऱ्या बैठकीत हाती फारसे काही लागत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार पदविकाधारकांना कारखान्यात वर्षभर शिकाऊ उमेदवारी करता येते. ती करताना रोजच्या कामाची वही ठेवावी आणि ती घेऊनच तिथे जावे.